उंट, जिराफ आणि सहावा मजला

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. पण उद्या कोणी विचारलंच, की एवढी मोठी जबाबदारी तुम्ही कशी पेललीत, तर तारखा हाताशी असाव्यात.

परवा बँकेत ऑनलाइन फसवणुकीवर व्याख्यान झालं. दोन तास. मी पहिल्या रांगेत. शेवटी सगळ्यांनाच प्रमाणपत्र दिलं, पण मला देताना मॅनेजर जरा जास्त वेळ हसले. फ्रेम करायला टाकलंय. इमारतीच्या खजिनदारपदी माझी बिनविरोध निवड झाली ती उगाच नाही. त्या मीटिंगला मी हजरही नव्हतो, म्हणजे बघा.

संकल्प: यापुढे नवीन खात्यावर इमारतीचा एक पैसाही माझ्या पडताळणीशिवाय जाणार नाही. व्याख्यानातून अकरा नियम उतरवून काढलेत. नियम चार सगळ्यात महत्त्वाचा: खातं बदलल्याचं पत्र आलं तर त्या पत्रावरच्या नंबरला फोन करायचा नाही. याच्यापुढे ते आणखी काहीतरी म्हणाले, पण तेवढ्यात चहा आला.

'पडताळले' असा रबरी शिक्का करायला दिला.

लिफ्ट काल दुपारपासून बंद. किरकोळ असणार.

३ सप्टेंबर, बुधवार

किरकोळ नाही. मेकॅनिक बघून गेला. कंट्रोल बोर्ड जळालाय. नवीन बोर्ड मागवायला अर्धी रक्कम आगाऊ लागेल, आली की चार दिवसांत लिफ्ट चालू.

आम्ही सहाव्या मजल्यावर. माझं ठीक आहे, मला व्यायामाची आवड आहे. बाबांचा प्रश्न आहे. त्यांचा उजवा गुडघा गेली दोन वर्षं जिन्याशी बोलत नाही. आणि रोज पाच वाजता त्यांना खाली पार्किंगमध्ये बुद्धिबळाला जायचं असतं. समोर तळमजल्यावरचे पोस्टमास्तर. साडेतीन वर्षं रोज एक डाव. हिशोब वहीत आहे: पोस्टमास्तर ६१२, बाबा ६११. शनिवारी हरलेला डाव बाबांच्या घशात अडकलाय. आज साडेचारलाच शर्ट घालून बसले होते. साडेपाचला काढला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

लिफ्ट कंपनीचं पत्र आलं. आगाऊ रक्कम अमुक, आणि खाली बारीक अक्षरात: आमचं बँक खातं बदललेलं आहे, रक्कम कृपया नवीन खात्यात भरावी.

माझ्या अंगावर काटा आला. व्याख्यानात अगदी हेच सांगितलं होतं. अगदी हेच.

अध्यक्षबाई (पहिल्या मजल्यावरच्या डेंटिस्ट) म्हणाल्या, अहो एक फोन करून विचारा ना. मी शांतपणे नियम चार समजावला. मग काय करणार म्हणाल्या. म्हटलं, पद्धत आहे.

दुपारी कंपनीला रजिस्टर्ड पत्र पाठवलं: हे पत्र आपणच पाठवलंत का? पत्ता त्यांच्या पत्रावरूनच घेतला. नियम फक्त फोन नंबरबद्दल आहे.

६ सप्टेंबर, शनिवार

शिक्का आला. झकास. ही म्हणाली, दुधाच्या पिशवीवर कशाला मारलात. चाचणी घेतली.

आज सुरक्षेचं मोठं काम उरकलं. बँकेच्या ॲपमध्ये इमारत ज्यांना पैसे देते त्यांची यादी आहे. प्लंबर, टाकी साफ करणारा, वॉचमनची एजन्सी, सगळ्यांची नावं उघडी. कोणी फोन चोरला तर सगळा कारभार त्याच्या हातात. म्हणून सगळ्यांना सांकेतिक नावं दिली. प्राण्यांची. प्लंबर बेडूक, टाकीवाला हत्ती. मेहुण्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, गेल्या वर्षी जिन्यातल्या ट्यूबलाइट त्याच्याकडून घेतल्या, म्हणून तोही यादीत. त्यालाही एक प्राणी दिला. लिफ्ट कंपनीसाठी एक प्राणी राखून ठेवला.

कोण कुठला प्राणी, ते एका लहान वहीत लिहिलं आणि वही अशा ठिकाणी ठेवली की कोणाच्या बापाला सापडणार नाही. बाबांनी विचारलं, काय शोधतोयस. म्हटलं, शोधत नाही, लपवतोय.

९ सप्टेंबर, मंगळवार

कंपनीतून अकाउंट्सच्या बाईंचा स्वतःहून फोन. पत्र मिळालं, हो, आम्हीच पाठवलंय म्हणाल्या. एवढ्या सहज. मी सावध.

तीन प्रश्न विचारले. आमच्या लिफ्टला आतून कुठला रंग आहे? आरशाला तडा कुठल्या कोपऱ्यात आहे? चौथ्या मजल्याचं बटण दाबलं की काय होतं? बाई म्हणाल्या, मी ऑफिसात बसते, तुमची लिफ्ट मी जन्मात पाहिलेली नाही. म्हणजे लिफ्ट कंपनीत काम आणि लिफ्ट पाहिलेली नाही. रजिस्टरमध्ये लाल शाईने नोंद.

चौथ्याचं बटण दाबलं की पाचव्यावर जाते. कुठल्याही खऱ्या माणसाने सांगितलं असतं.

११ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळी ६

कंपनीला नमुना अर्ज 'ब' पाठवला. सोबत रद्द केलेला चेक, बँकेचं पत्र आणि जबाबदार व्यक्तीचा आजचं वर्तमानपत्र हातात धरलेला फोटो मागितला.

तासाभरात सगळं आलं. फोटोत त्याच बाई. चेहऱ्यावर राग स्पष्ट. फोटो मोठा करून पाहिला, तर पेपर कालचा. परत पाठवला. अशा बारीकसारीक गोष्टीच सामान्य माणसाच्या नजरेतून सुटतात.

जिना चढून वजन कमी व्हायला हवं होतं. काटा बिघडलाय.

१३ सप्टेंबर, शनिवार

वाईट बातमी. पोस्टमास्तरांची मुलगी त्यांना आपल्याकडे कायमचं घेऊन जातेय. अठ्ठावीसला, सकाळी. घर विकायला काढलंय. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली, एक जिना चढायचीही परवानगी नाही, नाहीतर तेच वर आले असते.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पट काढला. मग पटावरची धूळ पुसली. मग म्हणाले, सहाशे अकरा.

मी तोडगा काढला: फोनवर खेळा. बाबा म्हणाले, तो सोंगट्या सरकवतो, समोर बसून नजर ठेवावी लागते. अध्यक्षबाईंनी सुचवलं, चार जण मिळून खुर्चीतून खाली नेऊ. बाबा म्हणाले, चार जणांच्या खांद्यावरून मी एकदाच उतरणार आहे, त्याची घाई नको.

आणि माझ्याकडे बघून म्हणाले, तुझं ते तपासून झालं का?

झालंच म्हटलं. संकल्प: येत्या आठवड्यात लिफ्ट चालू.

१६ सप्टेंबर, मंगळवार

विजय. आजच्याच पेपरसकट फोटो आला. (बाईंनी यावेळी पेपरने अर्धा चेहरा झाकलाय, पण डोळे जुळतात.) नवीन खातं ॲपमध्ये टाकलं. प्राणी दिला. चाचणी म्हणून किरकोळ रक्कम पाठवली आणि बाईंचा होकार लेखी घेतला. मिळाले. मिळाले. मिळाले. तीनदा लिहायला लावलं. अर्जावर शिक्का मारला.

सगळे अकरा नियम पार पाडून नवीन खातं जोडणारा या शहरात दुसरा कोणी असेल असं वाटत नाही. ही म्हणाली, आता पैसे पाठवा. म्हटलं, घाई हेच फसवणुकीचं मूळ. दोन दिवस थांबायचं. नियम सात.

१८ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ११

आज मोठी रक्कम. अंघोळ करून बसलो.

लहान वही सापडेना. फ्रीजच्या मागे नाही, पिठाच्या डब्यात नाही, फ्रेमच्या मागे नाही. लपवली चांगली होती हे मान्य करावं लागेल. यादीत सगळे प्राणी समोर. बेडूक आणि हत्ती ओळखीचे. उरले उंट आणि जिराफ.

डोकं शांत ठेवलं. लिफ्ट म्हणजे काय? माणसांना पाठीवर घेऊन जाते. ओझं वाहते. तक्रार न करता बसते, उठते. म्हणजे उंट. जिराफ म्हणजे नुसती उंची. मेहुणा सहा फूट दोन. इतका सोपा संकेत कोणीही फोडला असता, पुढच्या वेळी अवघड करायला हवा.

उंटाला रक्कम पाठवली. ॲपने विचारलं, नक्की पाठवायचे का? मला हा प्रश्न अपमानास्पद वाटला. पाठवले.

बाबांना सांगितलं, सोमवारी खाली. बाबांनी शर्ट इस्त्रीला दिला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

कमाल आहे. व्याख्यानात सांगितलेलं एकेक समोर येतंय.

सकाळी फोन. आवाज हुबेहूब मेहुण्याचा. भावजी, तुमच्या इमारतीकडून माझ्या खात्यात बरीच मोठी रक्कम आलीय, ट्यूबलाइटचे तर मिळाले होते, हे कसले? मी लगेच ओळखलं. नियम नऊ: 'तुमचे पैसे चुकून माझ्याकडे आले' असा फोन म्हणजे सापळा. आजकाल आवाजाची नक्कल होते. नंबरही मेहुण्याचाच दिसत होता, पण नंबरचीही नक्कल होते. मी काही न बोलता फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक केला. मग मेसेज आले. तेही ब्लॉक.

बिचाऱ्या मेहुण्याला कल्पनाही नसेल की त्याच्या नावाने कोणी फिरतंय. त्याला कळवावं म्हटलं, पण नंबर ब्लॉक आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

लिफ्ट कंपनीच्या बाईंचा फोन. चाचणीची रक्कम मिळाली, मोठी मिळालेली नाही म्हणाल्या.

क्षणभर गार पडलो. मग सगळा कट लख्ख दिसला. लहान रक्कम मिळाली म्हणून विश्वास संपादन करायचा आणि मोठी हाती पडली की हात वर करायचे. वर्तमानपत्र धरून. मी बाईंना सांगितलं, तुमचा खेळ संपलाय. बाई म्हणाल्या, साहेब, तुम्ही एकदा डॉक्टरांना भेटा.

खाली फलकावर नोटीस लावली: लिफ्ट कंपनीच्या नावे मोठी टोळी कार्यरत. रहिवाशांनी सावध राहावे. शिक्का मारला.

२२ सप्टेंबर, सोमवार

तातडीची मीटिंग. लिफ्ट नसल्यामुळे तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातच घेतली, म्हणजे सगळ्यांना अर्धं अर्धं. मी एक पायरी वर उभा राहून अर्धा तास बोललो. अध्यक्षबाईंनी शांतपणे विचारलं, पैसे गेले कुठल्या खात्यावर, ते दाखवता का? मी सांगितलं, संकेत उघड करता येत नाही.

बाई माझ्याकडे दाढ काढायची ठरवल्यावर बघतात तशा बघत होत्या.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. वर आलो तेव्हा आत जाऊन तो काढून ठेवला. सहा दिवस उरलेत.

२३ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी ४

मेहुणा आला. सहा मजले चढून. पाच मिनिटं त्याला बोलता येईना. त्याच्या बहिणीने, म्हणजे हिने, पाणी दिलं. मग त्याने खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. इमारतीकडून आलेली रक्कम. तारीख अठरा. माझ्या हिशोबाशी पैशापैशाने जुळणारी.

मेहुणा म्हणाला, भावजी, चार दिवस फोन करतोय. ही म्हणाली, ब्लॉक केलाय त्यांनी तुला. मेहुणा म्हणाला, का? हिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तुझ्याच सुरक्षेसाठी.

वही बुटाच्या खोक्यात सापडली. उंट: मेहुणा, कारण कितीही दिवस पाणी न विचारता बसवून ठेवला तरी चालतो. जिराफ: लिफ्ट कंपनी, कारण उंच. ही वही हिने मोठ्याने वाचली. तिच्या भावासमोर.

पडताळणीत चूक नव्हती हे लक्षात घ्यायला हवं. पडताळणी शंभर टक्के बरोबर. पाठवण्यात थोडा तांत्रिक घोळ. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नोटीस काढली. कोपऱ्यातला शिक्का भिंतीवर उमटलाय, तो जात नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

पैसे परत आणायला मेहुण्याच्या दुकानात. वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम.

मेहुण्याने बसवलं. पाणी विचारलं नाही. मग काउंटरखालून एक अर्ज काढला. माझाच होता. गेल्या वर्षी ट्यूबलाइटच्या वेळी मी त्याच्याकडून भरून घेतलेला, रद्द केलेल्या चेकसकट. त्या वेळी मी त्याला चार हेलपाटे घालायला लावले होते, कारण सहीतली एक रेघ जुळत नव्हती. म्हणाला, भावजी, नियम म्हणजे नियम. पैसे परत मागणारा माणूस खरोखर खजिनदार आहे हे मला कसं कळणार? आवाजाची नक्कल होते म्हणतात.

समितीचा ठराव घेऊन या म्हणाला.

अध्यक्षबाईंनी ठराव लगेच दिला. माझ्यासमोर सही करताना गुणगुणत होत्या.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

तिसरा हेलपाटा. ठरावाची झेरॉक्स चालत नाही. आज वर्तमानपत्र हातात धरून दुकानाबाहेर उभं केलं आणि फोटो काढला. पेपर घरून आणला होता. कालचा निघाला.

चौथी खेप सोमवारी. शनिवारी-रविवारी तो पैशाचे व्यवहार करत नाही म्हणे. मला हे नव्याने कळलं.

बाबांना सांगायची हिंमत होईना. जेवताना सांगितलं की अठ्ठावीसच्या आत जमेलसं दिसत नाही. बाबा म्हणाले, बरं. भाताचा घास तसाच ताटात परत ठेवला. मला फार वाईट वाटलं. हे कुठल्याही नियमात बसवता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.

२७ सप्टेंबर, शनिवार. दुपारी १

लिफ्ट चालू आहे.

तीनदा वर-खाली जाऊन आलो. चौथ्याचं बटण दाबलं तर चौथ्यावरच थांबली. नवा बोर्ड.

झालं ते असं. परवा मी दुकानात ताटकळत असताना बाबांनी आपली जुनी फोन डायरी उघडली. 'ल' खाली मेकॅनिकचा नंबर होता. अकरा वर्षांपूर्वी लिफ्ट बसवली तेव्हा लिहून घेतलेला. त्याला फोन केला आणि विचारलं, काय रे, तुमचं बँक खातं खरंच बदललं का? तो म्हणाला, हो काका, जुनी शाखा बंद झाली, आणि आमच्या मॅडम विचारतायत की तुमच्या इमारतीत सगळं ठीक आहे ना. बाबांनी सगळी हकिगत सांगितली. मेकॅनिक मालकाशी बोलला. मालक म्हणाला, अकरा वर्षांचं गिऱ्हाईक आहे, म्हाताऱ्या माणसाला अडकवून ठेवू नका, बोर्ड बसवा, पैसे येतील.

काल जेवताना हे का सांगितलं नाहीत विचारलं, तर म्हणाले, बोर्ड बसेपर्यंत खरं काय. फोन किती वेळ चालला विचारलं. दोन मिनिटं म्हणाले. त्यातलं एक गुडघ्याबद्दल.

आपल्याकडे आधीपासून असलेल्या जुन्या नंबरवर फोन करायचा. चहा आला तेव्हा व्याख्यानात हेच सांगत असावेत, असा मला दाट संशय आहे. तोच नंबर लिफ्टमध्ये आरशाखाली पत्र्याच्या पट्टीवरही आहे. चांगला मोठा. मी रोज त्याच्यासमोर केस विंचरत होतो.

संध्याकाळी ७

बाबा पाच वाजता खाली गेले. इस्त्रीचा शर्ट. पोस्टमास्तर पटाशी आधीच बसलेले. दोघांनी एकमेकांची चौकशीही केली नाही, थेट डाव मांडला. मी खांबाशी उभा होतो. बाबांनी दोन वेळा त्यांचा हात धरून घोडा परत ठेवायला लावला.

बाबा जिंकले. ६१२-६१२.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी नऊला गाडी दारात, सामान चढलेलं, आणि हे दोघे शेवटचा डाव मांडून बसलेले. मुलगी दोनदा हाक मारून गेली. डाव अर्ध्यावर असताना पोस्टमास्तरांनी पटाकडे बघत म्हटलं, बरोबरीच बरी. बाबा म्हणाले, हो, बरोबरी. मग पोस्टमास्तरांनी वहीतला हिशोब दोनदा तपासला, खाली सही केली आणि बाबांची घेतली. गाडी वळेपर्यंत बाबा हात वर करून उभे होते. नंतर एकटेच सोंगट्या डब्यात भरत बसले.

सत्तावीस दिवस लिफ्ट बंद होती. चार दिवस खऱ्या दुरुस्तीचे धरले तरी तेवीस डाव. ते तेवीस डाव माझ्यामुळे झाले नाहीत. हे मी कोणाला बोललो नाही. बाबांनाही नाही. लिफ्टमध्ये वर येताना तेच म्हणाले, चल, खेळतोस का माझ्याशी? मला उंट कसा चालतो तेही नीट आठवेना. बाबा म्हणाले, तिरका. तुला माहीत असायला हवं.

३० सप्टेंबर, मंगळवार. रात्री ९

काल मेहुण्याने पैसे परत केले, लिफ्ट कंपनीला गेले, बाईंनी 'मिळाले' असं एकदाच लिहिलं.

आज समितीची मीटिंग. नवीन खजिनदार एकमताने निवडले. बाबा. तेही मीटिंगला हजर नव्हते, पार्किंगमध्ये अध्यक्षबाईंच्या सासऱ्यांना बुद्धिबळ शिकवत होते. मी स्वतः अनुमोदन दिलं. प्रकृतीच्या कारणास्तव मी ही जबाबदारी सोडणारच होतो.

कागदपत्रं सुपूर्द केली. बाबांनी ॲपमधले प्राणी काढून सगळ्यांची खरी नावं टाकली, अर्ध्या तासात. रबरी शिक्का, रजिस्टर आणि फ्रेम यांचा माझा खर्च इमारतीकडून यायचा आहे, त्याचं बिल मी रीतसर दिलं. बाबांनी मला यादीत नवीन नाव म्हणून जोडलं आणि शेजारी शेरा लिहिला. मी चष्मा लावून वाचला.

मुलगा. ओळखीचा आहे. तरी पैसे देण्याआधी सुनेला फोन करून विचारावे.

ही म्हणाली, अजून फोन आलेला नाही.